खानेसुमारीचे आकडे आणि आपण कामगार

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर महागाई भत्ता नाही, बोनस नाही, पेन्शनही नाही. त्याऐवजी खानेसुमारी पाहून काही साथींच्या कपाळाला आठ्या पडल्या. खानेसुमारी सरकारने करायची, तिच्यासाठी शाळामास्तरांनी उन्हातान्हात हिंडायचे, त्यात युनियनने काय बोलायचे, असे त्यांचे म्हणणे. आमचे म्हणणे उलटे आहे. या देशात कामगार किती, ते कुठे राहतात, वर्षातले किती महिने त्यांच्या हाताला काम असते, त्यांच्या घरात नळ आहे की नाही, हे घरोघर जाऊन विचारणारी एकच मोजणी आहे, ती म्हणजे खानेसुमारी. बाकीच्या पाहण्या नमुन्याच्या असतात. काही हजार किंवा काही लाख घरे निवडून त्यावरून अंदाज बांधायचा. खानेसुमारीत दर माणूस मोजायचा असतो. म्हणून त्या आकड्यांकडे कामगाराच्या नजरेने पाहायला आपण शिकले पाहिजे.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे पहिली खानेसुमारी १८७२ सालची, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळी देशभर झालेली पहिली मोजणी १८८१ ची. तिथून पुढे दर दहा वर्षांनी ती होत राहिली. १९४१ साली महायुद्ध चालू होते तरी झाली. १९५१ साली फाळणीच्या जखमा ओल्या होत्या तरी झाली. तिच्यासाठी १९४८ साली वेगळा कायदा केला गेला, तोच अजून लागू आहे. ही अखंड साखळी तुटली ती २०२१ साली. कोरोनाच्या साथीमुळे मोजणी पुढे ढकलली आणि ढकलतच गेली. अखेर जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली. नव्या मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला, आणि बर्फाळ भागासाठी १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे दहा वर्षांचे अंतर सोळा वर्षांचे झाले. त्याची किंमत कोणी मोजली, ते आपण पुढे पाहू.

एक गोष्ट इथेच सांगतो. खानेसुमारीच्या आकड्यांत देशाची दुखणी दिसतात. १९११ साली देशाची लोकसंख्या २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ साली २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत माणसे वाढायची ती घटली. कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीत किती घरे बसली असतील याची नोंद गावोगावच्या दप्तरांत नीट सापडत नाही, पण खानेसुमारीच्या तक्त्यात तो खड्डा शंभर वर्षांनंतरही तसाच दिसतो.

वाढती लोकसंख्या आणि खरा प्रश्न

२०११ च्या मोजणीत देशाची लोकसंख्या १२१ कोटी ८ लाख भरली. १९५१ साली ती ३६ कोटी होती. हा आकडा ऐकला की लगेच काही मंडळी म्हणतात, बघा, माणसे फार झाली, म्हणून नोकऱ्या नाहीत, म्हणून गाड्यांत गर्दी. साथींनो, हे अर्धवट वाचन आहे. वाढीचा वेग पाहा. १९६१ ते ७१ या दशकात लोकसंख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली होती. २००१ ते २०११ मध्ये तो वेग १७.७ टक्क्यांवर आला. साक्षरता १९५१ साली १८ टक्के होती, २०११ साली ती ७३ टक्के झाली. लोक शिकले, तशी कुटुंबे लहान झाली. मुलींना शाळेत घातले, दवाखाना जवळ आणला, की संख्या आपोआप आटोक्यात येते, हे केरळने दाखवून दिले. तिथे ९४ टक्के साक्षरता आहे.

आता आपल्या घरचाच हिशेब मांडू. १९९०-९१ साली रेल्वेत साडेसोळा लाखांच्या आसपास कायम कर्मचारी होते आणि वर्षाला सुमारे ३८६ कोटी प्रवासी रेल्वेने जात. २०१८-१९ साली प्रवासी ८४४ कोटींच्या घरात गेले आणि कर्मचाऱ्यांची संख्या मात्र सुमारे १२ लाखांवर आली. प्रवासी दुपटीपेक्षा जास्त, गाड्या जास्त, रूळ जास्त आणि हात कमी. तेव्हा माणसे फार झाली म्हणून काम नाही, असे आम्हाला कोणी सांगू नये. काम भरपूर आहे. ते कायम माणसाकडून काढून कंत्राटदाराच्या माणसाकडे दिले आहे.

कामगार कोणाला म्हणायचे?

खानेसुमारीत कामगारांचे दोन भाग असतात. वर्षात सहा महिने किंवा त्याहून अधिक काम मिळाले तो मुख्य कामगार. सहा महिन्यांपेक्षा कमी मिळाले तो सीमांत कामगार. २०११ साली देशात एकूण ४८ कोटी १७ लाख कामगार नोंदले गेले. त्यातले ११ कोटी ९० लाखांच्या आसपास सीमांत होते. म्हणजे दर चार कामगारांत एकाला अर्धे वर्षसुद्धा काम नव्हते. सीमांत हा शब्द कागदावर सभ्य दिसतो. त्याचा आपल्या भाषेतला अर्थ नाक्यावर उभा राहून परत घरी जाणारा माणूस.

दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. २००१ साली १२ कोटी ७३ लाख लोकांनी आपण शेतकरी असल्याचे सांगितले होते, आणि १० कोटी ६८ लाखांनी शेतमजूर. २०११ साली शेतकरी ११ कोटी ८८ लाखांवर आले आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख झाले. दहा वर्षांत ८५ लाख शेतकरी कमी झाले, पावणेचार कोटी शेतमजूर वाढले. शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांच्या पुढे गेली. कोणाची जमीन कर्जात गेली, कोणाची वाटण्यांत संपली, कोणाची प्रकल्पाखाली आली. ज्याचा सातबारा होता तो दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाऊ लागला. आणि तिथेही भागेना तेव्हा तो पोराबाळांसह आपल्या स्टेशनवर उतरला. आज रुळाच्या कडेला खडी पसरणारे, पार्सलचे ओझे वाहणारे, डबे धुणारे जे कंत्राटी साथी दिसतात, ते या तक्त्यातूनच आले आहेत. त्यांना परके समजू नका.

मुलांचेही पाहा. ५ ते १४ वयाची १ कोटीहून अधिक मुले २०११ साली काम करताना नोंदली गेली. घरच्यांनी जी सांगितली, तेवढीच ही मुले. प्रगणकापुढे आपले पोर कामाला जाते हे किती आईबाप सांगतील, याचा विचार तुम्हीच करा.

ज्यांचे काम कामात धरले नाही

आता भगिनींच्या वाट्याला येतो. २०११ साली शंभर पुरुषांत ५३ कामगार नोंदले गेले, शंभर स्त्रियांत फक्त २५. म्हणजे देशातल्या पाऊणभाग बायका काहीच करत नाहीत, असा या आकड्याचा अर्थ घ्यायचा का? सुमारे १६ कोटी स्त्रियांच्या नावापुढे घरकाम एवढेच लिहिले गेले. पाणी आणणे, सरपण गोळा करणे, म्हातारी माणसे सांभाळणे, ड्यूटीवरून मध्यरात्री आलेल्या गार्डला किंवा ड्रायव्हरला गरम भाकर करून देणे, हे काम नाही असे कोणी म्हणावे!

शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेले काम मोजणीत धरायचे आहे. तशी सूचना १९९१ च्या प्रश्नावलीतच घातली गेली होती. पण होते काय? प्रगणक दारात येतो, उत्तर द्यायला पुरुष पुढे होतो, आणि बायको काय करते, या प्रश्नाला तो सरळ म्हणतो, काही नाही, घरीच असते. ती घरी बसून विड्या वळत असेल, पापड लाटत असेल, दोन म्हशींचे दूध काढत असेल. ते सगळे एका शब्दात पुसले जाते. म्हणून आम्ही रेल्वे कॉलनीतल्या भगिनींना सांगतो की प्रगणक येईल तेव्हा तुम्ही स्वतः बोला. १९४८ च्या कायद्यात असेही आहे, की रूढीने ज्याचे नाव घ्यायचे नाही अशा माणसाचे, म्हणजे नवऱ्याचे, नाव सांगण्याची सक्ती बाईवर नाही. त्या काळच्या बाईचा संकोच कायद्याने सांभाळला. आता बाईचे कामही मोजणीने सांभाळावे, एवढीच मागणी आहे.

स्त्री-पुरुष प्रमाणाचे आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, त्यांची गल्लत करू नये. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात असे नाही. कर्ता पुरुष मुंबईत, घर कोकणात. एकाच कुटुंबाचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांच्या तक्त्यांत पडले आहेत. उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि पौडी गढवालची कहाणी हीच. दमण आणि दीवमध्ये त्याच साली हजार पुरुषांमागे ६१८ स्त्रिया होत्या, कारण कारखान्यांत राबायला आलेले एकटे पुरुष.

पण सहा वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण पाहिले की गोष्ट बदलते. तान्ही मुले काही नोकरीसाठी मुंबईला जात नाहीत. १९९१ साली हजार मुलांमागे ९४५ मुली होत्या, २००१ साली ९२७ आणि २०११ साली ९१९. हरियाणात ८३४, पंजाबात ८४६, आपल्या बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९९४ सालापासून केंद्राचा कायदा आहे, आणि तरी हे आकडे आहेत. यात गरिबी हे एकच कारण नाही. पंजाब, हरियाणा काही गरीब राज्ये नव्हेत. आपल्या कायम नोकरीवाल्या, पगारवाल्या घरांतही हे होते का, याचा विचार प्रत्येक शाखेने करावा.

घर, फलाट आणि गाव

खानेसुमारी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात घरांची यादी आणि सोयींची नोंद, दुसऱ्यात माणसांची. २०११ च्या घरयादीत ४७ टक्के कुटुंबांच्या आवारात संडास होता, नळाचे पाणी ४३.५ टक्क्यांना, वीज ६७ टक्क्यांना. आणि टेलिफोन किंवा मोबाइल मात्र ६३ टक्क्यांकडे. म्हणजे खिशात फोन आला, पण संडास आणि नळ आला नाही. बाजाराला जे विकायचे होते ते घरोघर पोहोचले, सरकारने जे द्यायचे होते ते मागे राहिले. त्यानंतर सोयींत फरक पडला आहे. किती पडला, ते नव्या मोजणीत घराघरातून कळेल. त्यासाठीच ती वेळेवर व्हायला हवी होती.

ज्यांना घरच नाही त्यांचीही मोजणी होते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. प्रगणक कंदील-बॅटरी घेऊन पुलाखाली, देवळाच्या ओवरीत आणि आपल्या फलाटांवर गेले. १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. आपण रात्रपाळीला असतो, ही माणसे आपल्याला रोज दिसतात. त्या रात्री कोणी त्यांना काठीने हुसकले तर ती मोजणीतूनही जातात आणि हक्कांतूनही जातात.

आणखी एक गोष्ट. २०११ साली ३७ कोटी ७० लाख लोक शहरांत होते, म्हणजे ३१ टक्के. पण त्यात ३८९४ गावे अशी निघाली, की जी लोकसंख्येने, दाटीने आणि धंद्याने शहरे झाली होती, मात्र तिथे नगरपालिका नव्हती. २००१ साली अशी गावे १३६२ होती. ग्रामपंचायतीच्या पैशात शहराची गटारे, शहराचा कचरा. जंक्शनच्या बाहेर वाढलेल्या वस्त्या बघा, म्हणजे हा आकडा डोळ्यांनी दिसेल.

माणसे किती हलतात तेही पाहा. २०११ साली ४५ कोटींहून अधिक लोक आधीचे राहते ठिकाण सोडून आलेले होते. स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण लग्न, पुरुषांच्या बाबतीत पोट. हे पान वाचणारे आपण मराठी लोकही त्यातलेच. ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली आणि मराठी देशात तिसऱ्या क्रमांकावर आली. त्यातले ५० लाखांहून अधिक महाराष्ट्राबाहेर आहेत, एकट्या कर्नाटकात २० लाखांवर. आपण बाहेर गेलो तेव्हा कोणी आपल्याला सामावून घेतले. महाराष्ट्रात येणाऱ्या बिहारच्या, ओडिशाच्या मजुराकडे बघताना हा आकडा लक्षात ठेवावा.

शिळ्या आकड्यांची किंमत

आता खिशाकडे येऊ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. २०११ च्या लोकसंख्येवर हिशेब करून ८१ कोटी ३५ लाख ही संख्या ठरली. म्हणजे सुमारे ६७ टक्के. पुढे लोकसंख्या वाढली. २०२३ साली भारताने चीनला मागे टाकल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. आज १४० कोटी धरले तरी त्याच प्रमाणाने ९३ कोटींवर माणसे रेशनच्या हक्कात यायला हवीत. बारा कोटींचा फरक झाला. मोजणी झाली नाही म्हणून ज्यांचे नाव यादीत चढले नाही, ती ही माणसे. हे लोक कोण? नवी लग्ने झालेली, नवी जन्मलेली, गाव सोडून आलेली. आपले कंत्राटी साथी त्यातच आहेत.

आणि कायम नोकरीवाल्यांनो, तुम्हीही यातून सुटलेले नाही. आपला घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो आणि वर्ग खानेसुमारीच्या आकड्यावर. लोकसंख्या ५० लाख आणि वर असेल तर एक्स, ५ लाखांपासून ५० लाखांपर्यंत वाय, त्याखाली झेड. २०११ च्या आकड्यांवरून २०१५ साली पुणे आणि अहमदाबाद एक्समध्ये आले. नांदेड, सांगली, मालेगाव, उज्जैन, झाशी झेडमधून वायमध्ये आली. सातव्या वेतन आयोगाने दर २४, १६ आणि ८ टक्के ठरवले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर ते ३०, २० आणि १० टक्के झाले. तीस हजार मूळ पगाराच्या साथीला वायमध्ये सहा हजार आणि झेडमध्ये तीन हजार. एखादे गाव २०१३ साली पाच लाखांच्या पुढे गेले असेल, घरमालकाने भाडे केव्हाच वाढवले असेल, पण कागदावर ते २०११ मध्येच अडकले आहे. महिन्याला तीन हजार रुपये. आता सांगा, खानेसुमारीशी युनियनचा संबंध आहे की नाही?

जातीचाही प्रश्न असाच लोंबत राहिला. सर्व जातींची मोजणी शेवटची प्रसिद्ध झाली ती १९३१ ची. मंडल आयोगाने आपल्या १९८० च्या अहवालात इतर मागासवर्गीयांचा अंदाज बांधला तो त्याच जुन्या आकड्यांवरून. एप्रिल २०२५ मध्ये नव्या मोजणीत जात विचारण्याचा निर्णय जाहीर झाला. आमचे मत स्पष्ट आहे. रोग लपवून औषध देता येत नाही. गँगमध्ये कोण, सफाईत कोण आणि एसी केबिनमध्ये कोण, हे आकड्यांनी उघड झाले तर त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र त्या आकड्यांवरून कामगारांत फूट पाडू द्यायची नाही, हे काम आपले.

आपण काय करायचे

खानेसुमारी काय सांगत नाही, तेही समजून घ्या. २०११ च्या मोजणीत तुम्ही मालक, नोकर, स्वतंत्र धंदा करणारे की घरच्या धंद्यातले, हे विचारले. पण नोकरी कायम की कंत्राटी, किमान वेतन मिळते का, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो का, हे विचारले नाही. ते आपल्याला विचारावे लागेल. म्हणून आमच्या सूचना अशा:

पहिली. प्रगणकाला सर्व शाखांनी मदत करावी. कॉलनीतली, रुळाकडेच्या तंबूंतली, फलाटावरची एकही व्यक्ती सुटू नये. प्रगणक म्हणून राबणारे शिक्षक आणि अंगणवाडी सेविका याही कामगारच आहेत, त्यांना पाणी विचारा, घर दाखवा.

दुसरी. कंत्राटी आणि परप्रांतीय साथींची भीती घालवा. खानेसुमारीत दिलेली माहिती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. ती कोर्टात कोणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.

तिसरी. सहा महिने काम नसेल तर तसे सांगा. बायको राबत असेल तर तसे सांगा. अब्रूपायी खोटे उत्तर दिले, तर आपणच आपली बेकारी झाकतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक शाखेने आपल्या स्टेशनची, यार्डची, डेपोची स्वतःची मोजणी करावी. एक वही घ्या. कंत्राटदाराचे नाव, माणसाचे काम, दिवसाचा रोज, किती तास, फंड आहे की नाही, बाया किती, प्यायला पाणी आहे का. तीन महिन्यांत ती वही पुरी करा. मागणीपत्र तिच्यातून तयार होईल. साहेबासमोर नुसती घोषणा नेली तर तो हसतो. नावनिशीवार यादी नेली तर त्याला वाचावी लागते.

साथींनो, मोजणीत जो येत नाही त्याच्या वाट्याला धान्यही येत नाही, भत्ताही येत नाही, कायदाही येत नाही. सरकार आपल्याला दहा वर्षांनी मोजते, कधी सोळा वर्षांनी. युनियनने आपली माणसे रोज मोजली पाहिजेत. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येक शाखा सचिवाने ती वही बरोबर आणावी, एवढे सांगून आम्ही थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!